एम.एस्सी. मानव विकास: निरीक्षणाची फाइल, अंगणवाडीतलं काम आणि प्रबंधाचा विषय

रेणुका_उमरेड

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. गृहविज्ञानाचं शेवटचं वर्ष सुरू आहे. पुढे नागपुरातच एम.एस्सी.ला मानव विकास घ्यायचं जवळजवळ ठरलं आहे. घरचे म्हणतात, हे बालवाडीच्या बाईचं शिक्षण, त्याला एम.एस्सी. कशाला? त्यांना नीट सांगता यावं आणि मलाही नीट कळावं म्हणून विचारते.

या विषयात दोन वर्षं नक्की काय शिकवतात? निरीक्षणाच्या फाइलीत काय अपेक्षित असतं? अंगणवाडीत काम करायचं तर परवानगी, मोजमापं, चाचण्या हे कसं करतात? प्रबंधासाठी "नोकरी करणाऱ्या आईचा मुलांच्या समायोजनावर होणारा परिणाम" असा विषय डोक्यात आहे. ५० नोकरदार आया आणि ५० गृहिणी घ्यायच्या असा विचार आहे. चालेल का?

शंकरनगर_चौक

आधी घरच्यांचं. गृहविज्ञानात पोषण, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन, विस्तार शिक्षण आणि मानव विकास अशा शाखा आहेत. मानव विकासात गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंतचा माणूस येतो. त्यात बाळाची हालचाल, भाषा, विचार आणि भावना कशा घडतात हे आहे, किशोरवय आहे, विवाह, पालकत्व आणि कुटुंबातले ताण आहेत, दिव्यांग मुलं आहेत, वृद्धांची काळजी आहे. या सगळ्याखाली संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर विभागाचं नावच मानव विकास आणि कुटुंब अभ्यास असं आहे. बालवाडी हा त्यातला एक भाग, आणि तोही हलका नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, तेव्हापासून त्या वयाची खरी जाण असलेल्या माणसांची गरज वाढलीच आहे.

नागपुरात शंकरनगरचं एल.ए.डी. कॉलेज आणि आपल्या विद्यापीठाचा गृहविज्ञान विभाग या दोन ठिकाणी आधी चौकशी करा. माहितीपत्रकात नाव दिसलं म्हणून थांबू नका. यंदा मानव विकासाची तुकडी प्रत्यक्ष चालणार आहे का, प्रयोगशाळेतली बालवाडी चालू आहे का आणि प्रबंध सक्तीचा आहे की पर्यायी, हे तिन्ही प्रश्न समोर बसून विचारा.

आता फाइल. यातच बहुतेकांचे गुण जातात, कारण निरीक्षण म्हणून मतं लिहिली जातात. "मुलगा चिडखोर आहे", "मुलगी लाजाळू वाटली" ही मतं झाली. पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं ते. उजवीकडे तुमचा अर्थ, तोही त्याच दिवशी संध्याकाळी, वेगळ्या शाईनं. डावीकडची नोंद अशी हवी: "ठोकळा दुसऱ्या मुलानं घेतला. 'हे मायावालं हाय' म्हणाला. दोन्ही मुठी आवळल्या, एकदा पाय आपटला, बाईंकडे पाहिलं, साधारण दहा सेकंदांनी दुसरा ठोकळा उचलला." मुलाचं बोलणं त्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहायचं, शुद्ध करून लिहायचं नाही. शुद्ध केलंत की भाषाविकासाचा पुरावाच गेला. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, जागा, मुलाचं वय वर्षं-महिन्यांत, आसपास कोण होतं आणि कोणता उपक्रम चालू होता, एवढं आलंच पाहिजे.

या नोंदी प्रसंगांच्या झाल्या. त्यांचा दोष असा की लक्ष वेधून घेणारं मूलच सारखं पानावर येतं, गप्प बसणारं सुटतं. म्हणून कालनमुना पद्धत जोडीला घ्यावी. समजा पाच मुलं निवडली. एका मुलाकडे ३० सेकंद पाहायचं, ३० सेकंदांत खूण करायची, मग पुढचं मूल. पाच मिनिटांत फेरी पूर्ण होते, म्हणजे एका तासात प्रत्येक मुलाच्या १२ खिडक्या (३० सेकंदांच्या पाहण्याची एक खेप म्हणजे एक खिडकी) आणि एकूण ६० नोंदी. क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मध्ये मोडू नका. भांडण दुसरीकडे रंगलं तरी मान वळवायची नाही.

खेळासाठी मिल्ड्रेड पार्टेन यांचे १९३२ चे सहा प्रकार अजून वापरतात: नुसतं रिकामं असणं, एकट्यानं खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं, समांतर खेळ, सहयोगी खेळ आणि सहकारी खेळ. गोंधळ होतो तो समांतर आणि सहयोगी यांत. दोन मुलं शेजारी बसून वाळूत खड्डे करतात, एवढ्यानं सहयोगी होत नाही. वस्तूची देवाणघेवाण झाली किंवा त्या खेळाबद्दल एकमेकांशी बोलणं झालं तरच सहयोगी. कामं वाटून घेतली, "तू पाणी आण, मी भात करतो" असं झालं, की सहकारी. एका खिडकीत दोन प्रकार दिसले तर जास्त वेळ चाललेला लिहायचा. असे नियम पहिल्या दिवसाआधी कागदावर हवेत.

मैत्रिणीला बरोबर न्या आणि एक तास दोघींनी एकाच क्रमानं, एकमेकींचा कागद न बघता नोंदी करा. ६० पैकी ५१ जुळल्या तर ८५ टक्के. ८० च्या खाली आलं तर नोंदी खोडून जुळवायच्या नाहीत. व्याख्या कुठे ढिली आहे ते शोधायचं आणि तास पुन्हा घ्यायचा. एक धोका लक्षात ठेवा: ६० पैकी ५० खिडक्यांत समांतर खेळच असेल तर डोळे झाकूनही टक्केवारी चांगली येते. म्हणून शेजारी कोहेनचा कॅपा (kappa, म्हणजे योगायोगानं जुळणारा भाग वगळून काढलेला सहमतीचा आकडा) काढून द्या.

आणि पहिला दिवस मोजणीत धरू नका. नवं माणूस आलं की मुलं त्याच्याकडेच बघत बसतात, आणि तुमच्या कागदावर "बघत राहणं" खोटंच वाढतं.

मुख्यसेविका_निवृत्त

रेणुका बेटा, अंगणवाडीचं मी सांगते.

परवानगी तोंडी घेऊ नकोस. शहरात नागरी प्रकल्पाच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे कॉलेजचं पत्र, आणि उमरेड-कुहीकडे गेलीस तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातून. पत्रात काय करणार, किती मुलं, किती दिवस, कोणत्या वेळेला आणि फोटो काढणार नाही हे स्पष्ट लिही. त्यानंतर पालकांची संमती वेगळी. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत दोन्हीत ठेव, वाचून दाखव, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घे. आईनं हो म्हटलं तरी लेकरू रडायला लागलं, पाठ फिरवली, तर त्याचं "नाही" मानायचं आणि त्या दिवशी थांबायचं. नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत.

सेविकेवर आधीच नोंदणी, वजनं, आहार आणि पोषण ट्रॅकरचं काम असतं. तिच्याकडून माहिती भरून घ्यायची नाही, आपलं आपण करायचं. मुलं आल्यानंतरचा पहिला तास निरीक्षणाला उत्तम. आहाराच्या आधी भुकेनं किरकिरतात, खिचडी खाल्ल्यावर पेंगतात, तेव्हाची चाचणी म्हणजे मुलावर अन्याय. आणि नागपूरचा उन्हाळा ध्यानात ठेव. एप्रिल-मे मध्ये उपस्थिती गळते, वेळा बदलतात, पत्र्याखाली तर मोठ्यांचंही लक्ष लागत नाही. फील्डचं काम फेब्रुवारीअखेर आटपेल असा बेत कर.

वय अंदाजे लिहायचं नाही. "तीनचा झाला असेल" हे चालत नाही. जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड बघून वजाबाकी कर. उदाहरण घे. चाचणी ५ मार्च २०२५, जन्म २० नोव्हेंबर २०२२. पाचातून वीस जात नाहीत, एक महिना उसना घेऊन तीस दिवस मिळवले, पस्तीसातून वीस गेले, पंधरा. महिने उरले दोन, त्यातून अकरा जात नाहीत, एक वर्ष उसनं, चौदातून अकरा गेले, तीन. वर्षं उरली दोन. म्हणजे २ वर्षं ३ महिने १५ दिवस. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरायचं. ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचे ४० मधून उरलेले ८ आठवडे वयातून कमी. हे केलं नाही तर चांगलं वाढणारं बाळही कागदावर मागे दिसतं आणि आई उगाच घाबरते.

मोजमापांत दोन वर्षांच्या आत बाळाला आडवं ठेवून लांबी, त्यापुढे उभं करून उंची. लहान बाळाची उभ्यानं मोजली असेल तर ०.७ सेंटिमीटर मिळवायचे, मोठ्याची आडवी मोजली असेल तर तेवढे वजा करायचे, मगच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्याला लावायचं. आडवं मोजताना दोन माणसं लागतात. एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हलकेच सरळ करून पावलाला फळी लावायची. एकटीनं केलं की सेंटिमीटरभर चूक ठरलेली. दंडघेर डाव्या हाताचा, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. ६ ते ५९ महिन्यांत ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. तीव्र निघालं तर त्याच दिवशी सेविकेला आणि आशाताईला सांगायचं, प्रबंध होईपर्यंत ते वहीत ठेवायचं नाही.

चाचण्यांचं असं आहे. चाळणी, म्हणजे कोणाला पुढे तपासायला हवं एवढंच शोधणं, वेगळी आणि निदान वेगळं. दोन वर्षांच्या आत त्रिवेंद्रमचा १७ घटकांचा विकास-चाळणी तक्ता विद्यार्थ्याला झेपतो. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी तयार केलेली भारतीय बाळांची विकासमापनी ० ते ३० महिन्यांसाठी आहे. त्यात हालचालीचे ६७ आणि मानसिक १६३ घटक आहेत, आणि तिला संच व प्रशिक्षण दोन्ही लागतं. पुस्तक वाचून ती वापरायची नाही.

व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी मात्र तुझ्या हातात नक्की पडेल. भारतात जी वापरतात ती ८९ घटकांची, आणि तिचं भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी आपल्या नागपुरातच केलं. देशभरातल्या दवाखान्यांत ती आजही उघडली जाते, नागपूरच्या विद्यार्थ्याला तरी हे ठाऊक असावं. ती आईला विचारून भरतात. इथे चूक होते ती प्रश्नात. "स्वतः जेवता येतं का?" असं विचारलं की आई हो म्हणते. विचारायचं, "काल दुपारी कोणी भरवलं? आंघोळीनंतर चड्डी कोणी घातली?" मूल रोज काय करतं ते हवं, काय करू शकेल ते नव्हे. चार वर्षांच्या नातवाला आजी हातानं भरवते तिथे "येत नाही" असं लिहू नकोस. संधी मिळाली नाही, अशी वेगळी खूण मापनीत आहे, ती वापर.

भाषेच्या चाचणीत आपल्याकडे घरात मराठी, गल्लीत हिंदी, काही घरांत गोंडी. दोन्ही-तिन्ही भाषांतले शब्द एकत्र मोज. चित्रातल्या कोथिंबिरीला "सांबार" म्हटलं, टमाट्याला "भेदरं" म्हटलं, तर उत्तर बरोबर. पुण्या-मुंबईहून आलेले तक्ते वापरताना अशा शब्दांची यादी आधीच जोडून ठेव.

काही शंका वाटलीच तर आईला रोगाचं नाव सांगायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, आणि पाठवल्यावर गेली की नाही ते विचारायचं.

रेणुका_उमरेड

दोघांचेही मनापासून आभार. वयाची वजाबाकी आणि दोन उभे भाग आजपासूनच सुरू करते. प्रबंधाच्या विषयाबद्दल कोणी सांगेल का? पुढच्या आठवड्यात आराखडा द्यायचा आहे.

कुटुंब_अभ्यास

विषय बदला असं म्हणणार नाही, पण आज जसा मांडला आहे तसा देऊ नका. त्यात तीन ठिकाणी भोकं आहेत.

पहिलं "परिणाम" या शब्दात. एकाच वेळी दोन गट मोजून परिणाम सिद्ध होत नाही, फार तर संबंध दिसतो. नोकरी करणाऱ्या आईचं शिक्षण, घरचं उत्पन्न, मुलांची संख्या, सगळंच वेगळं असू शकतं. फरक दिसला तर तो यांतल्या कशाचा ते कळणार नाही.

दुसरं "नोकरी" या शब्दात. बँकेतली, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका, चार घरची धुणीभांडी करणारी आणि घरी बसून शिवणकाम करणारी, या चौघींचा दिवस एकसारखा नाही. उलट "गृहिणी" म्हणून ज्यांना घ्याल त्यातल्या कितीतरी जणी वावरात निंदणाला जातात, आणि विचारलं तर "मी काही करत नाही, घरीच असते" असं सांगतात. म्हणून धंदा विचारू नका, कालचा दिवस विचारा. उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासानं: काय केलं, मूल कुठे होतं, त्याच्याजवळ कोण होतं. हा २४ तासांचा तक्ता कुठल्याही "हो-नाही" प्रश्नापेक्षा जास्त सांगतो. मूल आईकडून आजीकडे, आजीकडून मोठ्या बहिणीकडे, बहिणीकडून अंगणवाडीत किती वेळा जातं आणि त्या प्रत्येक वळणावर काय घडतं, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मुलाभोवती घर, शेजार, समाज असे एकात एक थर असतात ही ब्रॉन्फेनब्रेनर यांची परिसंस्थेची मांडणी परीक्षेत वर्तुळं काढून सगळे लिहितात. प्रत्यक्षात ती वापरायची ती इथे.

तिसरं कुटुंबाच्या प्रकारात. "संयुक्त की विभक्त" असा चौकोन ठेवला की खोटी माहिती गोळा होते. एकाच वाड्यात दोन चुली आहेत, पण मूल दिवसभर आजीच्या खोलीत. कागदावर विभक्त, संगोपन संयुक्त. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: एका चुलीवर कोण जेवतं, काल रात्री या घरात कोण झोपलं, पैसा कोणाच्या हातून खर्च होतो, मूल आजारी पडलं तर दवाखान्याचा निर्णय कोण घेतं. प्रकार तुम्ही नंतर ठरवा. आणि वडिलांना वगळू नका. आपल्याकडचे पालकत्वाचे किती तरी प्रबंध केवळ आयांना विचारून लिहिलेले असतात आणि दोषही मग आयांच्याच माथी येतो. मला हे फार खटकतं.

उमरेडच्या आहात तर आणखी चांगला विषय दारात आहे. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या हंगामात तीन वर्षांखालच्या मुलांना कोण सांभाळतं? तीच कुटुंबं हंगामात एकदा आणि काम कमी असताना एकदा पाहायची. एकाच कुटुंबाची स्वतःशी तुलना होते, त्यामुळे शिक्षण-उत्पन्नाचा घोळ बराच कमी होतो. मात्र पहिली फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करावी लागेल, म्हणजे साधनं सप्टेंबरपर्यंत तयार हवीत.

तरीही दोन गटच घ्यायचे तर ५०-५० चं गणित तपासा. मध्यम फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप), ८० टक्के खात्रीनं पकडायला ५ टक्के पातळीवर प्रत्येक गटात ६४ लागतात. दहापैकी एक गळेल असं धरून ७२ घ्या. ३०-३० घेतलेत तर फार मोठा फरकच दिसेल, आणि बाकी वेळ "फरक आढळला नाही" असं लिहून मोकळं व्हावं लागेल. ते खरं असेलच असं नाही.

मापनी इंग्रजीतली असेल तर एकानं मराठीत आणायची, दुसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायची, दोन्ही ताडायची, मग दहा आयांवर चालवून बघायची. "नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही" हे पाच-पायरी प्रकार आपल्याकडे कोलमडतात, बाया सगळ्याला "हो ना" म्हणतात. त्याऐवजी "मागच्या सात दिवसांत किती दिवस?" असं विचारा.

मुलाखतीला सासूबाई शेजारी येऊन बसतातच. त्यांना उठवू नका. त्यांच्यासाठी वेगळे, खरोखर उपयोगाचे प्रश्न ठेवा, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या खोलीत त्यांच्याशी बोलावं. मारहाणीचे प्रश्न शेवटी आणि एकटीलाच. गुप्ततेची मर्यादा संमतीपत्रातच लिहा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मार्गदर्शकांशी आधी बोलून ठेवा, प्रसंग आल्यावर नव्हे.

शंकरनगर_चौक

नोकरीचं तुम्ही विचारलं नाही, तरी घरचे विचारतील म्हणून थोडक्यात. कॉलेजात शिकवायचं तर लागणाऱ्या नेट या पात्रता परीक्षेला विषय गृहविज्ञान असाच आहे, स्वतंत्र मानव विकास नाही. दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न २०० गुणांना असतात आणि त्यात पोषण, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन, विस्तार सगळं येतं. म्हणून बी.एस्सी.च्या वह्या रद्दीत देऊ नका. तशीच राज्याची पात्रता परीक्षा, सेट, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. मुख्यसेविका आणि प्रकल्प अधिकारी ही पदं स्पर्धा परीक्षेतून भरतात. पात्रता दर वेळी जाहिरातीतच वाचा.

विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणून काम करायला ही पदवी पुरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. या पदवीवर लगेच "थेरपिस्ट" होता येतं असं कोणी सांगत असेल तर नोंदणी क्रमांक विचारा.

रेणुका_उमरेड

हंगामाचाच विषय घेते. एक शेवटचं: काम संपल्यावर पालकांना आणि सेविकेला काय द्यायचं? गुण सांगायचे का?

मुख्यसेविका_निवृत्त

गुण आणि भागफल (बुद्ध्यंकासारखा आकडा) सांगायचे नाहीत. तो आकडा घरात वर्षानुवर्षं मुलाच्या नावामागे लागतो. पालकांना अर्ध्या पानाची चिठ्ठी दे, मराठीत, मोठ्या अक्षरात: मूल आता काय काय करतं, पुढे काय करायला लागेल आणि घरी कोणते दोन खेळ घेता येतील. खेळ घरातल्याच वस्तूंचे. डाळ-तांदूळ वेगळे करणं तीन वर्षांपुढे, डब्यांची झाकणं जुळवणं त्याआधी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती चणे-वाटाणे देऊ नका, नाकात-घशात जातात, हे चिठ्ठीत लिहायचंच. सेविकेला सगळ्या मुलांचं वजन-उंची तारखेसह एका कागदावर दे, तिच्या नोंदींशी ताडता येईल. आणि तू खेळणी नेली असशील तर निरीक्षण संपल्यावर परत आणू नकोस, तिथेच राहू दे. फक्त ती शेवटच्या दिवशी दे. आधी दिलीस तर मुलांचा नेहमीचा खेळच बदलतो आणि तुझ्या नोंदी नव्या खेळण्यांच्या होऊन बसतात.